सावडीचं दुसरं मडकं

तुमच्या आईला खायला काय आवडायचं, सांगता येईल का तुम्हाला?

तिच्या हातचं तुम्हाला काय आवडायचं, ते विचारलेलं नाही. ते तुम्ही तासभर सांगाल आणि वर डोळे पुसाल. तिला स्वतःला काय आवडायचं? भल्याभल्यांना हा प्रश्न घालून पाहावा. माणसं आधी छताकडे बघतात, मग ओशाळं हसतात, मग म्हणतात, तिला काय, सगळंच चालायचं. अहो, गोठ्यातला बैलसुद्धा बुरसटलेला पेंढा हुंगून बाजूला सारतो. आणि जिने सबंध घराच्या तोंडाची चव सांभाळली, तिला म्हणे सगळंच चालायचं.

बायजाला हे उत्तर चालत नसे.

खालापूर तालुक्यात साजगावच्या अलीकडे, पाताळगंगेच्या काठाला कुणब्यांची एक लहानशी वाडी होती, तिथली ही बाई. मोठी कुणी नव्हे. हाडापेराने मजबूत, आवाज असा की नदीपल्याडच्या गुराख्याने वळून बघावं. नवरा ऐन उमेदीत तापाने गेला. एक मुलगी, ती पळसदरीला दिलेली. मागे राहिली दोन भाताची खाचरं आणि ही. पण वाडीत लग्न असो, बारसं असो की दिवसकार्य, वाढायला बायजा लागायची. कारण तिला माणसामाणसाची जीभ पाठ होती. कोंडाजीला डाळीत गूळ खपत नाही. येसाजीला भात मोकळा लागतो, आसट झाला की गडी पान सोडून उठतो. हिरामणची म्हातारी आंबट घेत नाही, घेतलं की गुडघे धरून बसते. हे सगळं तिला स्वप्नात दिसलेलं नव्हतं. ती विचारायची. तोंडावर विचारायची, तुला काय आवडतं गं? समोरची लाजून म्हणाली की काय पण चालल, की बायजाचा पारा चढायचा.

"चालल काय चालल? तोंड हाय का रांजण? वतलं ते मावलं."

मग ती बाई हळूच सांगायची. कुणाला शिळ्या भातावर कच्चं तेल आवडायचं, कुणाला दुधाची खरवड. सासरी येऊन वीस वर्षं झाली तरी ज्या गोष्टी नवऱ्याला ठाऊक नव्हत्या, त्या बायजाला ठाऊक होत्या.

तिला स्वतःला मात्र कुणी विचारलेलं नव्हतं. तिनेही कधी सांगितलेलं नव्हतं.

ही हकिगत एकोणीसशे अठ्ठावीस-एकोणतीसच्या सुमाराची. खोपोलीचं वीजघर सुरू होऊन बरीच वर्षं झाली होती, आणि तिथून सुटलेल्या पाण्याने पाताळगंगा भर उन्हाळ्यातही वाहती राहायची. भात कापून झालं की त्याच ओलीवर खाचरांतून वाल पेरायचे. माघात वालाच्या वेलांना शेंगा टिचून भरायच्या. बांधाबांधाला भांबुर्डा माजायचा. संध्याकाळी गुरं परतताना त्यांच्या पायांखाली तो चुरडला जायचा आणि सगळ्या शिवाराला ओव्यासारखा उग्र वास सुटायचा. तो वास ज्याच्या नाकात एकदा बसला, तो पुढे कुठल्याही गिरणीत, कुठल्याही चाळीत जाऊन राहिला तरी माघ आला की अस्वस्थ व्हायचा. आता बांध राहिले नाहीत तिथे भांबुर्डा कुठून राहणार, असं म्हणून गप्प बसावं लागतं.

तर हाच माघ म्हणजे पोपटीचा महिना. ज्यांनी खाल्ली नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर, मातीच्या मडक्यात तळाला भांबुर्ड्याचा पाला घालायचा, त्यावर वालाच्या शेंगा, जाडं मीठ, ओवा. मधे ज्याला जे हवं ते पानात बांधून ठेवायचं, कंदमुळं, अंडी, कोंबडी. पुन्हा शेंगा. तोंडाशी पाल्याचा बोळा दाबून बसवायचा आणि मडकं जमिनीवर उपडं घालायचं. भोवती पेंढा, काटक्या, गोवऱ्या रचून पेटवून द्यायचं. पाण्याचा टिपूसही घालायचा नाही. सगळं आपापल्या घामात शिजतं. वरून पाण्याचा शिपका मारला आणि मडकं चर्र बोललं, की झाली.

इतर गावांत पोपटी ही गडीमाणसांची मजा. या वाडीत बायांची वेगळी पोपटी होती, आणि ती नुसती मजा नव्हती. आषाढात भाताची लावणी या बाया सावडीने करायच्या. आज सगळ्या मिळून तुझ्या खाचरात, उद्या माझ्या. पैशाचं नाव नाही. एकट्या बाईने लावणीला वाकावं तर रोप पिवळं पडेल पण खाचर भरायचं नाही, म्हणून सावडीत असणं म्हणजे वर्षाचा भात घरात असणं. आणि सावडीत कोण, हे माघातल्या पोपटीला ठरायचं. प्रत्येकीने आपल्या घरचं काहीतरी आणायचं, ते एका मडक्यात घालायचं, आणि त्या मडक्यातलं खायचं. जिने खाल्लं ती त्या सालची सावडकरीण. जिने खाल्लं नाही, ती आपल्या वाटेने मोकळी. हा कायदा कुणी लिहिलेला नव्हता, म्हणूनच तो कुणाला मोडता येत नव्हता.

त्या साली वाडीत सुंदरा होती.

सहदेवची बायको. घाटावरची, मावळातली. सहदेव खोपोलीला वीजघराच्या नळांवर मजुरीला जायचा. वैशाखात लग्न झालं, त्या पावसात सासू जिवंत होती आणि सासू सावडीत होती, म्हणून लावणी निभावली. भादव्यात सासू गेली. आता तिच्या जागी सुंदराने उभं राहायचं होतं. खाचर होतं एक, पण ते गेलं तर घरात पायलीभर तांदूळ यायचा नाही.

पण सुंदराचं आणि वाडीचं जमलेलंच नव्हतं. कार्तिकात साजगावची जत्रा भरते. विठोबाचीच जत्रा, पण इकडच्या विठोबाच्या दारात सुक्या मासळीचे ढीग लागतात आणि वर्षाचे बोंबील माणसं तिथेच भरतात. सहदेव नव्या नवरीला कौतुकाने घेऊन गेला. बोंबलांच्या राशी बघताच पोरीने नाकाला पदर लावला तो घरी येईपर्यंत काढला नाही. बायांनी ते पाहिलं. झालं. त्या दिवसापासून तिचं नाव पडलं पदरवाली. विहिरीवर ती आली की एखादी दुसरीला म्हणायची, सरक गं, पदरवालीला वास येईल. तिच्या बाजरीच्या भाकरीलाही नाव ठेवलं होतं, कावळ्याची भाकर. इथे भाकरी तांदळाची, पांढरीशुभ्र. बाजरी बघून पोरं विचारायची, ही करपली का हो?

मासळी नाही, मटण नाही, अंडंसुद्धा नाही. बायांनी तिच्या गळ्यात माळ आहे का ते बघितलं. माळ नव्हती. माळ असती तर याच बायांनी हात जोडले असते, तिच्यासाठी वेगळी चूल सारवून दिली असती. देवाने नको म्हटलं तर ते सोवळं, आणि बाईच्या स्वतःच्या जिभेने नको म्हटलं तर तो माज. हा हिशेब आपल्याकडे आजही तसाच चालतो, कुणी विचारत नाही म्हणून चालतो.

पोपटीच्या आधी बायजा सुंदराच्या दारात जाऊन बसली. इकडचं तिकडचं न बोलता तिने आपला नेहमीचा सवाल टाकला. सुंदरा आधी काय बी चालतंय म्हणाली, रांजणाची शिवी खाल्ली, आणि मग रडायलाच लागली. घाट उतरल्यापासून तिला हे कुणी विचारलं नव्हतं. मग तिने सांगितलं की मांस-मासळी लहानपणापासून घशाखाली उतरत नाही, नवस नाही, काही नाही, नुसतं उतरत नाही. आणि आवडतं म्हणाल तर वांगं. कारळ्याचा कूट, लसूण, मिरची भरून निखाऱ्यात भाजलेलं वांगं आणि बाजरीची भाकर.

"मग तेच घेऊन ये," बायजा म्हणाली. "तुझ्या पुडीला कोंबडीचा थेंब लागायचा नाय. ही बायजाची जबान."

जबान दिली आणि तिथून भांडण सुरू झालं. कारण पोपटीत कोंबडी आणायची ती इंदूबाई. वाडीतलं त्यातल्या त्यात खातंपितं घर तिचं, आणि तोंडही तसंच भरलेलं. तिची कोंबडी दर साली मडक्याच्या तळाला जायची. मडकं उपडं झालं की तळ वर येतो, कोंबडीची चरबी वितळते आणि शेंगाशेंगांतून झिरपत तोंडापर्यंत उतरते. त्या चरबीतल्या शेंगांसाठी तर बाया वर्षभर थांबायच्या. बायजाने सांगितलं, या साली तळाला सुंदराची पुडी आणि तिच्या वाटच्या शेंगा, कोंबडी तोंडाशी. चरबी खालच्या पाल्यात जाईल, वर काही चढणार नाही. इंदूबाईने कपाळाला हात लावला. म्हणजे आम्ही सगळ्यांनी कोरड्या शेंगा खायच्या, एका पदरवालीसाठी? बायजाने सांगितलं, खायच्या. एक साल खायच्या.

पोपटीच्या दिवशी दुपार कलताना बाया बायजाच्या खाचरात जमल्या. कुणी अंडी आणली, कुणी रताळी. वरच्या ठाकूरवाडीतून, म्हणजे ठाकर आदिवासींच्या वस्तीतून, ठमी आली, ती नेहमीप्रमाणे करांदे घेऊन. हे रानातल्या वेलाला लागतात, बटाट्यासारखे दिसतात आणि भाजल्यावर थोडे कडसर लागतात. ठमी सावडीत होती, लावणीत तिचा हात सगळ्यांत वेगळा चालायचा, पण जेवताना ती हातभर लांब बसायची. तिला तसं कुणी सांगितलेलं नव्हतं आणि जवळ ये असंही कुणी म्हटलेलं नव्हतं. तिचे करांदे मडक्यात भाजले जायचे आणि तिचे तीच खायची. बाया म्हणायच्या, कडू लागतात गं. चव हे मोठं सोयीचं निमित्त असतं.

बायजा मडकं भरायला बसली. तळाला पाला, त्यावर सुंदराची केळीच्या पानात बांधलेली पुडी, भोवती शेंगा, वर पाल्याचा थर. कोंबडीची पुडी बाजूला काढून ठेवली, ती शेवटी जायची. एवढ्यात इंदूबाईने मिठाचा विषय काढला. बायजा मीठ हात राखून घालते, आम्ही काय आजारी आहोत का, असं तिचं दर सालचं गाऱ्हाणं. बायजाने सांगितलं की भांबुर्डाच निम्मं मीठ देतो. इंदूबाई म्हणाली, तुझ्या जिभेवर सगळ्यांनी जेवायचं का? हा शब्द बायजाला झोंबला. जिभेच्या बाबतीत तिला कुणी असं बोललेलं नव्हतं. दोघी भांडत भांडत तोंडाशी लावायचा पाला खुडायला बांधावर गेल्या, आणि भांडणाला रंग चढल्यामुळे तिथेच रमल्या.

बाकीच्या काटक्या-गोवऱ्या वेचायला पांगल्या होत्या, मडक्यापाशी सुंदरा एकटी उरली. तिने आत डोकावून पाहिलं. तिची पुडी तळाला, आणि कोंबडी अजून बाहेर. म्हणजे कोंबडी माझ्या उरावर येणार, तिच्या मनाने घेतलं, आणि सगळा रस खाली माझ्या वांग्यांवर गळणार. आत्याबाई, बायजाला ती तसंच म्हणायची, भांडणाच्या नादात चुकल्या. बिचारीने घाटावर कधी पोपटी पाहिलेली नव्हती. मडकं उपडं घालतात हे तिला कुणी सांगितलं नव्हतं, कारण इथल्या माणसांना ते सांगायचं असतं हेच सुचलं नाही. लेकराला कुणी सांगतं का, की पाऊस वरून खाली पडतो म्हणून?

तिने शहाणपण केलं. आपली पुडी काढली, कोंबडी पार तळाला घातली, वर शेंगा, अंडी, रताळी, ठमीचे करांदे, पुन्हा शेंगा, आणि अगदी वर, तोंडाशी, आपली वांगी. त्यावर मूठभर शेंगा पसरल्या. आत्याबाईंचं काम हलकं केलं म्हणून मनात खूश होत ती नदीवर हात धुवायला गेली.

बायजा परतली. मडकं भरलेलं दिसलं, कोंबडीची पुडी बाहेर नव्हती, म्हणजे ती तोंडाशीच गेली असं तिने धरलं. पोरीने हात लावला म्हणून तिला बरंच वाटलं. तिने पाला दाबला, मडकं उपडं केलं, पेंढा रचला आणि जाळ लावला. सुंदरा आली तेव्हा जाळाच्या आत मडक्याचं तोंड कुठे नि तळ कुठे, काही दिसत नव्हतं.

ती त्या दिवशी पहिल्यांदा मोकळेपणी बोलली. ठमीजवळ जाऊन बसली आणि तिला सांगायला लागली की आत्याबाई विसरल्या होत्या, पण म्याच नीट केलं, कोंबडी पार बुडाला घातली न् माझी वांगी समद्यांत वर. ठमीचा हात थांबला. तिने जाळाकडे पाहिलं, सुंदराकडे पाहिलं, उठली आणि बायजाच्या कानाशी लागली.

बायजा बसल्या जागी गार झाली. पेटलेलं मडकं उलटता येत नाही. आत चरबी वितळायला लागली असणार. एकूण एक शेंग तिच्यात न्हाणार, आणि सगळ्यांत खाली, जिथे सगळं येऊन साचतं, तिथे ती वांगी.

इंदूबाईने ऐकलं आणि तिला हसूच फुटलं. देवानेच न्याय केला म्हणाली. मग जवळ सरकून, हळू आवाजात तिने व्यवहार सांगितला. आता बोलायचंच नाही. पोरीला काय कळतंय? भूक लागलीय, खाईल, सावडीत येईल, तिचं खाचर लागेल. सगळ्यांचंच भलं. सांगितलंस तर ती उठून जाईल, आणि आषाढात कोण येणार तिच्याकडे? इतर बायांनीही माना डोलावल्या. त्यात वाईटपणा नव्हता. खरंच तिच्या भल्याचंच बोलत होत्या.

बायजाने सुंदराकडे पाहिलं. ती फडक्यातल्या बाजरीच्या भाकऱ्या सोडून, प्रत्येकीला अर्धी पुरेल का ते बघत होती.

गप्प राहिलं असतं तर चाललं असतं. पण चालणं हाच तर बायजाचा सगळ्यात नावडता शब्द.

"पोरी, हिकडं ये," ती म्हणाली. "पोपटीचं मडकं उपडं घालतात. तू वर ठेवलंस ते आता खाली हाय. तुझ्या वांग्यांवर कोंबडी गळतेय. तू चुकलीस ती आमी सांगितलं नाय म्हणून. चूक माजी."

सुंदराचा चेहरा उतरला. ती भाकऱ्या फडक्यात परत बांधायला लागली. गाठ बसेना. तेवढ्यात इंदूबाई पुटपुटली, घे, फिरवलास ना सावडीवर बोळा.

बायजा उठली. प्यायच्या पाण्याचं लहान मडकं वेलाच्या बुडाशी ठेवलेलं होतं. तिने त्यातलं पाणी वालांना घातलं आणि मडकं पदराने आतून पुसलं. सगळ्या बघतच राहिल्या. इंदूबाईने विचारलं हे काय चाललंय, तर म्हणाली, दुसरं मडकं.

इथे इंदूबाई खरोखर उभी राहिली. एक मडकं म्हणून एक सावड, तिने बजावलं. आज दुसरं मडकं घातलं तर उद्या दुसरी सावड होईल, परवा तिसरी, मग ज्याने त्याने आपापल्या खाचरात मरावं. तिच्या बोलण्यात तथ्य होतं, आणि बायजालाही ते कळलं. तिने थोडा वेळ जाळाकडे पाहिलं.

"मडकी दोन, जाळ येकच," ती म्हणाली. "आनि ह्या मडक्यात प्रत्येकीच्या शेंगा पडल्याबिगर मी ते उपडं घालायची नाय. नाय पडल्या, तर माजं पन नाव सावडीतनं काढा."

बायजाचं नाव काढायचं म्हणजे लावणीचा सूर कुणी धरायचा, चहा कुणी करायचा, भांडणं कुणी मिटवायची? पण कुणी हलेना. ओलं मडकं तडकेल, एवढंच एकजण म्हणाली. तेव्हा हातभर लांब बसलेली ठमी उठली. घरी न्यायला म्हणून तिला मिळालेल्या शेंगांतून तिने ओंजळ भरली आणि लहान मडक्यात टाकली. मग एक उठली, मग दुसरी. भांबुर्डा आला, ओवा आला. सुंदराच्या पदरात एक उरलेलं वांगं होतं, ते तिने न विचारता दिलं. शेवटी उरली इंदूबाई. तिने आपली ओंजळ आणली, मडक्यावर धरली आणि बायजाकडे बघून अट घातली.

"ह्याच्यात मीठ मी घालनार."

बायजा काय बोलते इकडे सगळ्यांचं लक्ष. ती म्हणाली, घाल बाई. इंदूबाईने जाडं मीठ घातलं, आणि वर्षानुवर्षांचा वचपा काढून घातलं.

मोठ्या जाळातलेच निखारे ओढून लहान मडक्याभोवती लावले. ते एकदा तडतडलं, एक बारीक चीर गेली, पण टिकलं. दोन्ही मडकी उघडली तेव्हा सूर्य मावळतीच्या डोंगराआड चालला होता आणि खाचरात वाफ, धूर आणि भांबुर्ड्याचा वास यांचं असं काही मिश्रण झालं होतं की बाया डोळे मिटून ते नाकात ओढत राहिल्या. मोठ्या मडक्यातल्या शेंगा तुपात घोळल्यासारख्या चमकत होत्या. बाया त्यांच्यावर पडल्या. बायजाने मात्र तिकडे हात घातला नाही, ती लहान मडक्यापाशी सुंदरासमोर बसली, पोरीने एकटीने खाऊ नये म्हणून.

सुंदराने शेंग सोलली, दाणे तोंडात टाकले. सगळ्यांचे हात थांबले. या घासावर तिचं खाचर होतं. बायजाने विचारलं, कसं झालंय गं? पोरीने इंदूबाईकडे पाहिलं, खाली पाहिलं. चांगलं झालंय म्हणाली असती तर काही बिघडत नव्हतं. कुठलीही नवी सून तेच म्हणते.

"खारट हाय," सुंदरा म्हणाली. "लई खारट हाय."

ठमी जी हसली, तिच्यामागे सगळ्या हसल्या. इंदूबाई तेवढी गंभीर. तिने लहान मडक्यातली एक शेंग उचलली, चघळली, आणि पाण्याला हात घातला, तर पाणी वालांना घातलेलं. तिच्याही तोंडाला हसू आलं.

"जिभेला हाड नाय हिच्या," ती म्हणाली. "पुढच्या साली मीठ हिनंच घालायचं, सांगून ठेवते."

पुढच्या साली, म्हणाली. कानांनी ऐकलं सगळ्यांनी. सावड तिथे ठरली. बाजरीच्या भाकरीचे तुकडे फिरले, आणि कावळ्याची भाकर म्हणणाऱ्यांनीच कोंबडीच्या चरबीत बुडवून दुसऱ्यांदा मागितले. एकीला आवडली नाही, तिने तसं सांगितलं, आणि कुणाला राग आला नाही.

मग सुंदराने ते विचारलं. तिच्या मनात काही नव्हतं, बोलता बोलता सहज विचारलं, "आत्याबाई, तुमाला वो काय आवडतं?"

सबंध वाडीची जीभ जिला पाठ, ती बाई गप्प. रांजणाची शिवी तिला तिच्याच तोंडून आठवली असेल. तिने हात झटकले, पदर सावरला, काहीतरी रागाने बोलणार असं वाटलं. मग ती उठली, ठमीच्या समोर जाऊन बसली, हातभरही लांब नाही, आणि तिच्या पानातला एक करांदा उचलला. सोलला आणि खाल्ला. सावकाश खाल्ला. माहेरी कर्जतकडच्या रानात करांदे भरपूर व्हायचे, आणि तिला त्यांची ती कडसर चव सगळ्या गोडधोडापेक्षा प्यारी होती. सासरी पहिल्याच साली सासू म्हणाली होती, हे ठाकरांचं खाणं, आपल्यात खात नाहीत. त्यावर तिने करांदा सोडला. दर साली स्वतःच्या हाताने मडक्यात घालायची, भाजायची, आणि ठमीला द्यायची.

ठमीने दुसरा करांदा तिच्यापुढे सारला. "मग इतकी वर्सं मागितला का नायस?" एवढंच ती म्हणाली.

आषाढात सुंदराच्या खाचरात सगळ्या सावडकरणी उतरल्या. इंदूबाई सर्वांत आधी. लावणी एका दिवसात आटोपली. त्या वाडीत पुढे पुष्कळ वर्षं, बाया लावणीला जात होत्या तोवर, माघात दोन मडकी लागायची, एक थोरलं, एक धाकटं, आणि जाळ एक. ठमी हातभर लांब बसायची ती त्या दिवसापासून जवळ बसायला लागली, असं म्हटलं तर खोटं होईल. बायजा मात्र तिच्याशेजारी बसायची. बायजा थकली, अंथरुणाला खिळली, तेव्हा सुंदरा थंडीच्या दिवसांत ठाकूरवाडी चढून करांदे आणायची आणि चुलीत भाजून तिला भरवायची. म्हातारी प्रत्येक वेळी विचारायची, तू खाल्लास का? सुंदरा सांगायची, मला न्हाई आवडत, कडू लागतो. आणि म्हातारी समाधानाने हसायची.

तेव्हा एक करा. आज घरी गेलात की ताटावर बसायच्या आधी, जिच्या हातचं रोज खाता तिच्यासमोर बसा आणि विचारा, तुला काय आवडतं. ती हसेल, म्हणेल काय पण चालतं. उठू नका. पुन्हा विचारा. आणि सांगेल ते, मग ते कितीही कडू असो, तुम्ही आपल्या हाताने तिच्या पानात वाढा.